मदत हवी आहे: मेथोप्रीन देऊनही फळमाशीचे नर लवकर वयात येत नाहीयेत

नमस्कार मंडळी, कीटकशास्त्राच्या एमएस्सीचा प्रोजेक्ट चालू आहे आणि दीड महिना झाला एकाच जागी अडकलोय, म्हणून शेवटी इथे विचारतोय.

काम काकडी-भोपळ्याच्या वेलांवर पडते त्या फळमाशीवर आहे. जपानने ओकिनावा बेटांवरून १९९३ पर्यंत हीच माशी नसबंदी केलेले नर सोडून सोडून पूर्ण संपवली, हे बहुतेकांना माहीत असेलच. कोषावस्थेत गॅमा किरण द्यायचे, नर बाहेर आले की सोडायचे, रानातल्या माद्या त्यांच्याशी जुळल्या की अंडी घालतात पण ती उबतच नाहीत. अडचण अशी की या माशीचा नर कोषातून बाहेर आल्यावर मिलनाला तयार व्हायला बरेच दिवस घेतो. तोवर सांभाळायचा म्हणजे जागा, खाणं, मजुरी सगळं वाढतं, आणि लवकर सोडला तर वयात यायच्या आधीच मुंग्या-कोळी त्याला खाऊन टाकतात. म्हणून बाल-हार्मोनसारखं (किड्यांच्या अंगातलं वाढीवर ताबा ठेवणारं संप्रेरक) काम करणारं मेथोप्रीन प्रौढ नरांना द्यायचं, म्हणजे ते लवकर तयार होतात. अळीला किंवा कोषाला दिलं तर हेच औषध वाढ अडवतं आणि प्रौढाला दिलं की उलट प्रजननाला चालना देतं, हे वाचलं तेव्हापासून मला हा विषय सोडवतच नाही.

तर मी मेथोप्रीन पाण्यात ढवळून साखरेच्या पाण्यातून दिलं. एका पिंजऱ्यात औषधवाले नर, दुसऱ्यात बिनऔषधाचे, दोन्हीकडे न जुळलेल्या माद्या सोडल्या. रोज दुपारी दोन ते पाच पिंजऱ्यासमोर बसतो. सातव्या दिवशी काही नाही, दहाव्या दिवशी काही नाही, नर नुसते जाळीवर बसून पाय घासत असतात. डोस वाढवू का? की किरणांनीच नर बाद झालेत? गाईड म्हणतात अजून एक बॅच कर, पण तेच परत करून काय होणार ते कळत नाही. प्लीज कोणीतरी सांगा.

प्रतिसाद १
डोसला हात लावू नकोस. मेथोप्रीन पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही, भांडं उजेडात तिरकं धरून बघ, कडेला तेलकट कडं दिसेल, म्हणजे औषध तिथेच राहिलंय आणि माश्या नुसती साखर पितायत. अ‍ॅसिटोनमध्ये विरघळवून बारीक थेंब नराच्या अंगावर सोडतात, किंवा खाण्यात नीट मिसळून देतात. थेंबाची पद्धत केलीस तर बिनऔषधाच्या नरांनाही नुसत्या अ‍ॅसिटोनचा थेंब द्यायला विसरू नकोस, नाहीतर तुलनेला अर्थ राहत नाही.

दुसरं, साखरेत प्रोटीन कुठे आहे? तीन भाग साखर आणि एक भाग यीस्ट हायड्रोलायझेट (यीस्टमधलं प्रोटीन फोडून केलेली पूड) असं दे. या माशीत हार्मोन आणि प्रोटीन दोन्ही मिळाले की खरा फरक पडतो, नुसत्या साखरेवर वाढलेला नर हार्मोन देऊनही मागेच राहतो. आणि हे सगळ्या फळमाश्यांना सरसकट लागू करू नकोस, भूमध्य फळमाशी मुळातच काही दिवसांत तयार होते, तिला मेथोप्रीनचा असा फायदा दिसलेला नाही.

प्रतिसाद २
वरचं बरोबरच आहे, पण दादा, तू दुपारी बघतोयस हीच मोठी चूक आहे! ही माशी तिन्हीसांजेला जुळते. उजेड हळूहळू कमी व्हायला लागला की नर पानाखाली जागा धरतात आणि पंख इतक्या वेगाने फडफडवतात की कान लावला तर बारीक गुणगुण ऐकू येते. लॅबची ट्यूबलाइट एकदम बंद केली तर ती संध्याकाळ त्यांना मिळतच नाही. खिडकीजवळ पिंजरा ठेव, आत एक पानांची फांदी ठेव. जुळलेल्या जोड्या बहुधा रात्रभर तशाच राहतात, त्यामुळे पहाटे उजाडायच्या आत टॉर्चने मोजल्या तरी चालतं.

किरणांबद्दल : कोष फार कोवळे असताना किरण दिले तर नर अशक्त निघतात. माशी बाहेर यायच्या साधारण दोन दिवस आधी द्यायचे असतात. तारीख मोजून भागत नाही, खोलीचं तापमान बदललं की वय पुढेमागे होतं, म्हणून चार-पाच कोष सोलून आतल्या माशीच्या डोळ्यांचा रंग बघतात.

मूळ प्रश्नकर्ता
दोघांचेही मनापासून आभार. काल दोन्ही पिंजरे खिडकीशी नेले, फांदी ठेवली, लाइट लावलीच नाही. अंधार पडता पडता खरंच गुणगुण सुरू झाली, मी श्वास रोखून उभा होतो. पहाटे टॉर्चने मोजलं तर औषधवाल्यात ९ जोड्या आणि बिनऔषधाच्यात ८. नर आता चौदा दिवसांचे आहेत, म्हणजे ते आपोआपच वयात आलेत आणि माझी आतापर्यंतची सगळी शून्यं चुकीच्या वेळेची होती. भांड्याच्या कडेला तेलकट कडंही सापडलं. सोमवारपासून नवी बॅच, अ‍ॅसिटोन आणि यीस्ट घेऊन, आणि तिसऱ्या दिवसापासून रोज संध्याकाळी बघणार. कोणाकडे कोष सोलून काढलेले डोळ्यांच्या रंगाचे फोटो दिवसवार असतील तर प्लीज टाका, आमच्या लॅबमध्ये हे कोणी केलेलं नाही.