मदत हवी आहे : मेंटेनन्सच्या बिलांत घोळ वाटतोय, एक्सेलमधून कुठवर पकडता येईल?

टॅलीवाली

नमस्कार मंडळी. इथे एक्सेलवाले आणि सीए दोन्ही जमातींचे लोक आहेत, म्हणून विचारतेय.

भोसरी एमआयडीसीत एका प्रेस शॉपमध्ये (पत्र्याचे पार्ट दाबून काढणारा कारखाना) अकाउंट्सला आहे. कंपनी प्रायव्हेट लिमिटेड, कारभार घरगुती. दोन वर्षांत माल तेवढाच निघतोय, पण ‘रिपेअर्स अँड मेंटेनन्स’चं लेजर फुगत चाललंय. साहेबांनी केबिनमध्ये बोलावून सांगितलं, "कोणाला न सांगता जरा बघ." म्हणजे मुख्यतः आमच्या सीनियर अकाउंटंट काकांना न सांगता. काका साहेबांच्या वडिलांच्या वेळेपासून आहेत. मला टॅलीत (हिशेबाचं सॉफ्टवेअर) व्हाउचर टाकायला त्यांनीच शिकवलं, त्यामुळे हे काम जिवावर आलंय.

दोन वर्षांची सगळी बिलं टॅलीतून एक्सेलमध्ये काढली. तारीख, व्हाउचर नंबर, पार्टी, बिल नंबर, रक्कम, जीएसटी नंबर आणि पेमेंटच्या शीटमधून बँक खातं. यूट्यूबवर बेनफर्डचा नियम बघितला, तो लावला. पहिला आकडा १ असलेली बिलं साधारण ३०.१ टक्के आणि २ असलेली १७.६ टक्के यायला हवीत म्हणे. माझ्याकडे २ ची चक्क २९ टक्के आली आणि पोटात गोळा आला.

आमच्याकडे २५,००० पर्यंतचं बिल मेंटेनन्स मॅनेजर पास करतात, त्यावरचं साहेबांकडे जातं. एवढ्यावरून घोटाळा म्हणता येईल का? पुढे काय बघू? आणि कोणावर उगाच बालंट येऊ नये असं कसं करू?

काटेकोर

ताई, आधी एक ग्लास पाणी प्या. २९ टक्क्यांवरून काहीही सिद्ध होत नाही.

हे निरीक्षण मूळचं सायमन न्यूकम या खगोलशास्त्रज्ञाचं, १८८१ सालातलं. लॉगॅरिदमच्या कोष्टकांची सुरुवातीची, म्हणजे १ ने सुरू होणाऱ्या आकड्यांची, पानं जास्त मळलेली दिसली, तिथून त्याला हे सुचलं. फ्रँक बेनफर्डने १९३८ मध्ये ते ढीगभर आकड्यांवर तपासलं आणि नाव त्याचं लागलं. पण आकडे शेकड्यांपासून लाखांपर्यंत मोकळे पसरलेले असतील आणि माणसाने घातलेली मर्यादा मध्ये नसेल, तरच तो नियम नीट बसतो. तुमच्याकडे मर्यादा आहे, आणि शिवाय ठरलेली मासिक बिलं असणार. कॉम्प्रेसरचं एएमसी (देखभालीचं वार्षिक कंत्राट) महिना २०,००० असेल तर १८ टक्के जीएसटी धरून २३,६००. अशी दोन-चार कंत्राटं असली की २ चा डोंगर आपोआप उभा राहतो. त्यात कोणाचंही पाप नाही.

तेव्हा पहिल्यांदा दर महिन्याला त्याच पार्टीला त्याच रकमेचं जाणारं सगळं वेगळ्या शीटमध्ये हलवा. उरलेल्या बिलांत जीएसटीच्या आधीची मूळ रक्कम घ्या, कारण खोटं बिल बनवणारा माणूस मूळ रकमेपासून सुरुवात करतो. मग पिव्हट टेबलमध्ये हजार-हजारांचे गट पाडा. २१,००० अधिक जीएसटी होतात २४,७८०. २१,१८६ अधिक जीएसटी होतात २४,९९९ आणि वर काही पैसे. मर्यादेच्या अलीकडच्या गटात गर्दी आणि पलीकडच्या गटात शुकशुकाट दिसला, तर तिथली बिलं पार्टीप्रमाणे लावून बघा. त्याच पार्टीची त्याच आठवड्यातली दोन-तीन बिलं, सगळी २५,००० च्या आत, म्हणजे एका कामाचे तुकडे केलेत का हे विचारायला जागा आहे.

शीट तुम्हाला फक्त कुठली फाईल कपाटातून काढायची ते सांगेल. उत्तर फाईलमध्ये असतं.

नदीकाठ

आधी हे बघा की त्या पार्ट्यांत साहेबांचा मेव्हणा नाही ना. घरगुती प्रायव्हेट लिमिटेडमध्ये निम्मे ‘घोटाळे’ मालकाच्या घरातच जेवायला बसलेले असतात. पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

काटेकोर

नदीकाठ, थट्टा सोडली तर मुद्दा बरोबर आहे. डायरेक्टरांच्या नातेवाइकांची आणि त्यांच्या फर्म्सची यादी साहेबांकडून आधीच मागून घ्या. ती द्यायला ते कां-कूं करू लागले तर तीही माहितीच.

एमआयडीसीकर

चाकणला स्टोअर्स आणि परचेस मिळून वीस वर्षं काढली. एक सांगतो, ताई. मालाच्या बिलात चोरी करणं जड जातं. माल गेटवरून येतो, वॉचमन इनवर्डला लिहितो, काट्याची पावती असते, स्टोअर्सचा जीआरएन (माल मिळाल्याची नोंद) असतो, चार माणसं सामील करावी लागतात. रिपेअरिंगच्या बिलात गेटवरून काहीच येत नाही. "हायड्रॉलिक लीकेज काढलं, लेबर चार्जेस" एवढंच लिहिलेलं. खाणाऱ्याला ते कुरण.

शीटमध्ये मी काय बघेन? पार्टी आणि बिल नंबर यांवर सॉर्ट मारा. एखाद्या पार्टीची बिलं जूनमध्ये ३१, जुलैत ३२, ऑगस्टमध्ये ३३ आणि ३४ अशी येत असतील, तर त्या पार्टीला जगात दुसरं गिऱ्हाईकच नाही. चालू धंदा असलेल्या वर्कशॉपचे नंबर उड्या मारतात. नवीन धंदा असेल तर वर्ष-सहा महिने हे चालूनही जातं, पण दोन वर्षं?

बिलावर मशीनचा नंबर आहे का तेही बघा. ब्रेकडाऊन रजिस्टरमध्ये त्या तारखेला ती प्रेस बंद होती का? बिल म्हणतं क्लच बदलला आणि प्रॉडक्शन रिपोर्ट म्हणतो त्याच शिफ्टला त्याच प्रेसने पूर्ण माल काढला, तर विषय संपला. पार्ट बाहेर दुरुस्तीला गेला असेल तर रिटर्नेबल गेटपास हवा.

मोठी मालाची बिलं असतील तर ई-वे बिलावरचा (माल वाहतुकीसाठी ऑनलाइन काढायचा जीएसटीचा कागद) गाडी नंबरही बघा. बिहारच्या चारा घोटाळ्यात गुरं वाहिल्याचे दाखवलेले कित्येक नंबर स्कूटरचे निघाले होते. मात्र आपल्या राज्यातल्या राज्यात एक लाखापर्यंत ई-वे बिल लागत नाही, त्यामुळे तुमच्या या बिलांना तो उपयोग नाही.

टॅलीवाली

खूप धन्यवाद. मासिक बिलं काढल्यावर २ चा डोंगर बराच उतरला. मूळ रक्कम बरोबर २१,००० असलेली बिलं मात्र नजरेत भरण्याइतकी आहेत.

पण एक भयंकर गोष्ट दिसतेय. पार्ट्यांची बँक खाती आणि पगाराच्या शीटमधली खाती एकाखाली एक लावून काउंटइफ (तोच मजकूर किती वेळा आलाय ते मोजणारं फंक्शन) चालवलं. एका पार्टीच्या खात्यासमोर २ आलं, आणि पगारातलं जुळणारं खातं काकांचं आहे. दोन्ही खाती एकाच बँकेची, सोळा आकडी. साहेब संध्याकाळी विचारणार आहेत. सांगू का?

सूत्रधार

थांबा!! अजिबात सांगू नका. आधी दोन्ही सेल उघडून शेवटचे आकडे डोळ्यांनी वाचा.

एक्सेल संख्येचे पंधराच आकडे नीट सांभाळतं, सोळाव्याच्या जागी शून्य बसवतं. "पण माझा कॉलम टेक्स्ट आहे" असं म्हणाल, तरी काउंटइफ आकड्यांसारखं दिसणारं टेक्स्ट मोजताना संख्याच समजतं. म्हणजे पहिले पंधरा आकडे सारखे आणि शेवटचा वेगळा, अशी दोन खाती त्याला एकच वाटतात. एका शाखेत लागोपाठ उघडलेल्या खात्यांचे सुरुवातीचे आकडे बहुतेक सारखेच असतात.

उपाय सोपा आहे. काउंटइफच्या निकषात सेलच्या पुढे अँपरसँड (&) आणि अवतरणचिन्हांत तारा (*) जोडा, म्हणजे ते टेक्स्ट म्हणूनच जुळवेल. किंवा सम्प्रॉडक्ट वापरून सरळ बरोबरच्या चिन्हाने तुलना करा. आणि शीटमध्ये खात्याच्या शेवटी आधीच शून्य पडलेलं असेल तर ते परत येत नाही. बँकेच्या पेमेंट फाईलमधून पुन्हा काढा, आणि उघडतानाच तो कॉलम टेक्स्ट ठेवा.

पार्टीच्या नावांत आणखी एक खड्डा आहे. पोर्टलवरून कॉपी केलेल्या मजकुरात न तुटणारी स्पेस असते, तिचा क्रमांक १६०. ट्रिमने ती जात नाही, सब्स्टिट्यूटने काढावी लागते. नाहीतर एकच पार्टी दोन वेगळ्या पार्ट्या दिसते.

टॅलीवाली

शेवटचा आकडा वेगळा आहे. पार्टीचा ४, काकांचा ९. तारा लावल्यावर १ आलं. हातपाय अजून थरथरतायत.

काटेकोर

सूत्रधार, तुमच्या एका ताऱ्याने एका माणसाची नोकरी वाचवली बहुधा.

ताई, खात्यापेक्षा पॅनवर जुळवणी करा. जीएसटी नंबर पंधरा अक्षरांचा, पहिली दोन राज्याची (आपलं २७), पुढची दहा म्हणजे पॅन. मिड फंक्शनने तिसऱ्यापासून दहा अक्षरं वेगळ्या कॉलममध्ये काढा. पॅनचं चौथं अक्षर पी असेल तर मालक व्यक्ती, सी म्हणजे कंपनी, एफ म्हणजे फर्म. प्रोप्रायटरी धंद्याचा पॅन म्हणजे त्या माणसाचा स्वतःचा पॅन, आणि कर्मचाऱ्यांचे पॅन पगाराच्या शीटमध्ये असतातच. नावं वेगळी आणि पॅन एक, अशा पार्ट्याही यात लगेच वर येतात.

जीएसटीच्या पोर्टलवर नंबर टाकून नोंदणीची तारीख आणि नोंदणी चालू आहे की रद्द झाली तेही पाहता येतं. नोंदणीच्या आधीच्या किंवा रद्द झाल्यानंतरच्या तारखेच्या बिलात जीएसटी लावलेला असेल तर काहीतरी जळतंय. तीच बिलं जीएसटीआर-२बीमध्ये (पार्ट्यांनी भरलेल्या रिटर्नवरून पोर्टलवर तयार होणारं तुमच्या खरेदीचं स्टेटमेंट) आली आहेत का पाहा. हा कागद तुमच्या ऑफिसबाहेर तयार होतो, म्हणून त्याला किंमत. सत्यम कॉम्प्युटर्स या कंपनीत ५,०४० कोटींची नसलेली रोकड आणि बँक शिल्लक पुस्तकांत दाखवलेली होती, ते जानेवारी २००९ मध्ये बाहेर आलं. पुस्तकांतले आकडे आपापसांत कितीही जुळोत, बाहेरच्या कागदाशी जुळतायत का ते महत्त्वाचं.

टॅलीवाली

दोन पार्ट्यांचा पॅन एकच निघाला. चौथं अक्षर पी. पगाराच्या शीटमध्ये तो पॅन नाही, साहेबांनी दिलेल्या नातेवाइकांच्या यादीतही नाही. दोघांची मिळून ती २१,००० वाली बिलं, नंबर जवळजवळ लागोपाठ. सगळी मेंटेनन्स मॅनेजरनी पास केलेली, काकांनी फक्त पेमेंट केलंय. आणि तारखेवरून वार काढणारं वीकडे फंक्शन लावलं तर बहुतेक बिलं गुरुवारची! आमची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. कंपनी बंद असताना काम झालं कसं? आता तरी पकडलं म्हणायचं ना?

एमआयडीसीकर

गुरुवारवर उडी मारू नका. मेंटेनन्सची मोठी कामं गुरुवारीच निघतात, कारण तेव्हाच प्रेस मोकळ्या असतात. आमच्याकडेही क्रेन आणि पॅनेलची कामं सुट्टीलाच उरकायचे. उलट सगळी बिलं चालू शिफ्टच्या दिवसांची असती तर मी भुवई उंचावली असती.

पण गुरुवारचा एक फायदा आहे. त्या दिवशी गेटवर गर्दी नसते. बाहेरचे फिटर आले असतील तर सिक्युरिटीच्या व्हिजिटर रजिस्टरमध्ये त्यांची नावं, वेळ, सही असणार. त्या गुरुवारांची यादी करा आणि रजिस्टर उघडा. माणसं आलेली दिसली तर तो एक मालक दोन नावांनी धंदा करतोय एवढंच, आणि तुकडे पाडण्याबद्दल मॅनेजरला विचारता येईल. कोणीच आलेलं नसेल तर मग वेगळा विषय.

वकिली_चष्मा

उशिरा आलो. दोन-तीन गोष्टी तातडीने सांगतो.

टॅलीचा आजच्या तारखेचा पूर्ण बॅकअप साहेबांच्या ताब्यात द्या आणि तुमची मूळ एक्सपोर्ट फाईल हात न लावता वेगळी ठेवा, काम कॉपीवर करा. कंपन्यांना १ एप्रिल २०२३ पासून एडिट लॉग (प्रत्येक बदलाची नोंद) ठेवणारं सॉफ्टवेअर बंधनकारक आहे, त्यामुळे कुठलं व्हाउचर कोणी कधी बदललं ते त्यातून काढता येईल. लॉग बंद ठेवलेला असेल तर स्टॅट्युटरी ऑडिटरना ते आधी कळायला हवं, आणि हे सगळं प्रकरणही त्यांच्या कानावर घाला.

मॅनेजरला तुम्ही एकटीने काहीही विचारू नका. ते काम डायरेक्टरांचं, तेही वकिलाशी बोलून. खरंच अपहार निघाला तर नोकराने केलेला विश्वासघात भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१६(४) मध्ये येतो, सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. इतक्या जड आरोपासाठी रंगवलेली एक्सेल शीट पुरत नाही. आणि ताई, साहेबांनी तुम्हाला हे काम तोंडी सांगितलंय. आजच त्यांना एक छोटा ईमेल टाका, "आपण सांगितल्याप्रमाणे मेंटेनन्सची बिलं तपासत आहे." उद्या तुमच्यावर शेकायला नको.

टॅलीवाली

ईमेल पाठवला, साहेबांचं "ओके, गो अहेड" आलंय. रजिस्टर मागायचं तर सिक्युरिटीवाल्याला काय सांगू? तो मॅनेजरच्याच हाताखाली आहे.

एमआयडीसीकर

तुम्ही मागूच नका. साहेबांना सांगा, सिक्युरिटी एजन्सीचं बिल तपासायचंय म्हणून दोन वर्षांची सगळीच रजिस्टरं केबिनमध्ये मागवा, गार्डच्या हजेरीसकट. फक्त व्हिजिटर रजिस्टर मागवलंत तर अर्ध्या तासात बातमी मेंटेनन्सला पोचेल. आणि आली की आधी पानांचे छापील नंबर दिसतील असे फोटो काढा, वाचत नंतर बसा.