फायबर जोडणीची प्रतीक्षा आणि ती घरात येण्याचा दिवस : आपले अनुभव लिहा

आज खालच्या मजल्यावर नव्या बिऱ्हाडाकडे फायबर जोडण्याचे काम चालू होते. जिन्यात मांडलेले स्प्लायसिंगचे, म्हणजे तंतू सांधण्याचे, यंत्र, त्याच्या छोट्या पडद्यावर समोरासमोर येऊन थांबलेली काचतंतूची दोन टोके आणि त्यांच्याकडे एकटक पाहणारी घरातली माणसे पाहिली, आणि आमच्या जोडणीची वाट पाहण्यात गेलेले कित्येक आठवडे आठवले. म्हणून हा धागा काढते आहे.

आमचा अर्ज लगेच मंजूर झाला, पाहणीही झाली, आणि त्यानंतर मात्र ‘पोर्ट उपलब्ध नाही’ एवढाच निरोप येत राहिला. समोरच्या घरात फायबर चालू असताना आमच्याकडे ते का येऊ शकत नाही, याचा उलगडा पुन्हा पाहणीला आलेल्या तंत्रज्ञाने केला. जीपॉन पद्धतीच्या जाळ्यात मुख्य केंद्राकडून आलेला एक तंतू वाटेतल्या पेटीतील स्प्लिटरमध्ये बहुधा ३२ किंवा ६४ शाखांत विभागला जातो. त्या शाखा भरल्या की शेजाऱ्याची चालू जोडणी आपल्या काही उपयोगाची नसते. नवा स्प्लिटर बसेपर्यंत थांबावेच लागते. हे कळल्यावर मी ‘केव्हा येणार’ असे विचारणे सोडले आणि ‘पेटीत मोकळी शाखा आहे का, नसल्यास नव्या स्प्लिटरचे काम मंजूर झाले आहे का’ असे विचारू लागले. तेव्हापासून मला उत्तरेही ठोस मिळू लागली.

माझे मत असे की रस्त्यावरचे काम आपल्या हाती नसते, पण भिंतीपासून टेबलापर्यंतचे शेवटचे काही मीटर पूर्णपणे आपल्या हाती असतात, आणि वाट पाहण्याचा काळ त्यांच्या तयारीत घालवावा. आपण ती कशी केली, कुठे अडचण आली, ते कृपया सविस्तर लिहा.

* * *

आमच्याकडे पोर्ट होता, नळीच तुंबलेली होती. वायरीसाठी भिंतीतून गेलेल्या नळीत एका वळणावर गिलाव्याचा माल साचून घट्ट झाला होता, आणि वायर ओढण्याची पोलादी पट्टी दोन्ही बाजूंनी त्याच जागी अडत होती. शेवटी तंतू बाहेरच्या भिंतीवरून आणावा लागला. ज्यांच्या घराचे बांधकाम चालू आहे त्यांना कळकळीने सांगतो की नळीला काटकोनी सांधे देऊ नका, मोठी वळणे द्या आणि आत नायलॉनची दोरी ओढून दोन्ही टोके बाहेर बांधून ठेवा. इंटरनेटची नळी विजेच्या नळीपासून वेगळी असणेही तितकेच आवश्यक आहे.

* * *

बाहेरच्या भिंतीवरून तंतू आणणाऱ्यांनी छिद्राकडे लक्ष द्यावे. छिद्र आतून बाहेर जाताना किंचित खाली उतरते असावे, आणि वायर छिद्रात शिरण्याआधी तिला खाली झोळ द्यावा, म्हणजे पावसाचे पाणी वायरीवरून घरंगळत आत न येता झोळाच्या तळाशी गळून पडते. आमच्या तंत्रज्ञाने न सांगता असेच केले होते आणि छिद्र नीट बुजवूनच तो गेला. त्या माणसाच्या कामाबद्दल मला आजही आदर वाटतो.

* * *

जोडणीच्या दिवशी मी शेजारी बसून सर्व काम पाहिले, आणि ते पाहण्यासारखेच असते. काचेचा तंतू आवरणासह १२५ मायक्रॉन, म्हणजे साधारण केसाएवढ्या जाडीचा असतो, आणि प्रकाश ज्यातून जातो तो गाभा त्याच्याही आत सुमारे ९ मायक्रॉनचा. वरचे प्लास्टिक सोलायचे, अल्कोहोलने काच पुसायची, क्लीव्हरने टोक अगदी सरळ कापायचे आणि मग यंत्रात विजेच्या ठिणगीने दोन टोके वितळवून एक करायची. यातली एकही पायरी घाईने करता येत नाही. आमच्याकडे पहिला सांधा यंत्राने नापसंत केला, तेव्हा त्या तरुणाने एक शब्द न बोलता तो कापून टाकला आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

त्याने शेवटी मापकावर प्रकाशाची पातळी दाखवली: उणे १९ डीबीएम. डीबीएम हे प्रकाशाच्या ताकदीचे माप, उणे आकडा जितका मोठा तितका प्रकाश कमी. घरातल्या ओएनटीला, म्हणजे फायबर ज्यात येते त्या डबीला, साधारणपणे उणे ८ ते उणे २७ या मर्यादेत प्रकाश मिळावा लागतो, असे त्याने समजावले. मी तो आकडा तारखेसह ओएनटीच्या पाठीवर चिकटवून ठेवला. पुढे सुताराने कपाट भिंतीला टेकवले आणि काही दिवसांत जोडणी अधूनमधून तुटू लागली. ओएनटीच्या पानावर पातळी पाहिली तर उणे २५. तीन डेसिबल कमी म्हणजे प्रकाश निम्मा, त्यामुळे सहा डेसिबल कमी म्हणजे पाव प्रकाशच उरला होता. जुना आकडा हाताशी असल्यामुळे दोष घरातच आहे हे लगेच ध्यानात आले. कपाट पुढे सरकवून दबलेली वायर मोकळी केली आणि पातळी पूर्ववत झाली. प्रत्येकाने जोडणीच्या दिवशी हा आकडा विचारून लिहून ठेवावा, असे मी आग्रहाने सांगेन.

* * *

वरील प्रतिसादात एक भर. घरात वापरण्यासाठी जी.६५७ प्रकारचा, वळण सहन करणारा तंतू मिळतो. त्यातील ए२ हा ७.५ मिलीमीटर त्रिज्येपर्यंतच्या वळणासाठी केलेला असतो. बाहेर वापरल्या जाणाऱ्या जी.६५२ तंतूला मात्र साधारण ३० मिलीमीटरपेक्षा लहान वळण देऊ नये. आपल्याकडे कोणता टाकला जातो आहे हे वायरीवरच छापलेले असते.

* * *

लहान मूल असलेल्या घरांसाठी लिहिते. आमचे बाळ तेव्हा रांगत होते. कापलेल्या तंतूचे तुकडे काचेचे असतात, फरशीवर दिसत नाहीत आणि कातडीत शिरले तर सहज निघत नाहीत. काम सुरू होण्याआधीच तंत्रज्ञाला ‘तुकडे डबीतच टाका’ असे नम्रपणे सांगावे, आणि तो गेल्यावर जागा झाडू नये. चिकटपट्टी दाबून तुकडे उचलावेत. कामाच्या जागेखाली गडद रंगाचे कापड अंथरले होते, त्याचा फार उपयोग झाला.

शिवाय जोडणीच्या टोकात कोणालाही डोळा लावून पाहू देऊ नये. दोष शोधताना सोडतात तो लाल प्रकाश दिसतो, परंतु प्रत्यक्ष संदेशाचा प्रकाश अवरक्त असल्याने डोळ्यांना दिसत नाही. टोक काळोखे दिसले म्हणजे त्यात प्रकाश नाही असे होत नाही.

* * *

ताई, हे फार महत्त्वाचे लिहिलेत. आमच्याकडे पुढच्या आठवड्यात जोडणी आहे आणि नात दीड वर्षाची आहे. गडद कापडाची सूचना आजच घरात सांगते.

* * *

मी नोकरीची सारी वर्षे तांब्याच्या तारा जोडण्यात घालवली. शेकडो जोड्यांची केबल रंगांवरून ओळखून, खड्ड्यात बसून एकेक जोडी जुळवायची, आणि पाणी शिरले की पुन्हा तेच. तांब्यावरच्या डीएसएलचा, म्हणजे फोनच्या तारेवरून येणाऱ्या इंटरनेटचा, वेग केंद्रापासूनच्या अंतराबरोबर घसरत जाई, त्यामुळे दूरच्या ग्राहकाचे समाधान करणे आमच्या हातात नसे, याचे वाईट वाटे. जीपॉनचा तंतू २० किलोमीटरपर्यंत पोहोचतो आणि त्याच एका तंतूतून १४९० नॅनोमीटरचा प्रकाश घराकडे येतो व १३१० नॅनोमीटरचा परत जातो, हे प्रथम ऐकले तेव्हा मन भरून आले.

१९६६ साली चार्ल्स काव आणि जॉर्ज हॉकहॅम यांनी असे मांडले की काच पुरेशी शुद्ध केली तर किलोमीटरला २० डेसिबलपेक्षा कमी हानीत प्रकाश नेता येईल. त्या काळच्या काचेत ही हानी किलोमीटरला हजार डेसिबलच्या आसपास होती. १९७० मध्ये कॉर्निंगच्या संशोधकांनी ती मर्यादा गाठून दाखवली. आज १५५० नॅनोमीटरला ही हानी सुमारे ०.२ डेसिबल आहे. काव यांना २००९ चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. माझ्या घरी जोडणी झाली तेव्हा त्या तरुण तंत्रज्ञाला मी हे सर्व सांगितले आणि त्याने हातातले काम थांबवून ऐकले.

* * *

काका, आपला प्रतिसाद वाचून एक विचारावेसे वाटते. माझ्या आईकडे जुना दूरध्वनी होता, तो वीज गेली तरी चालत असे. फायबर आल्यापासून वीज गेली की फोनही बंद पडतो. ती एकटी राहते, त्यामुळे काळजी वाटते.

* * *

आपली काळजी योग्य आहे. तांब्याच्या तारेतून फोनला लागणारी वीज केंद्रातूनच येत असे. काचेतून वीज येत नाही. समाधानाची बाब ही की वाटेतल्या स्प्लिटरला वीज लागतच नाही, त्यामुळे केंद्राकडची वीज चालू असेल तर आपल्या घरातली ओएनटी आणि राऊटर ही दोन उपकरणे चालू ठेवली की फोन चालतो. त्यांच्यासाठी लहान डीसी यूपीएस मिळतात. घेण्यापूर्वी दोन्हींच्या ॲडॅप्टरवरचा व्होल्टेजचा आणि अँपिअरचा आकडा मात्र जरूर पाहा. पुष्कळ उपकरणे १२ व्होल्टची असतात, पण सगळी नसतात. आईंच्या जवळ चार्ज केलेला मोबाईलही असू द्यावा.

* * *

आमच्या घरात प्रतीक्षेचा काळ कठीण गेला, कारण मुलीची ऑनलाईन परीक्षा आणि माझे काम एकाच मोबाईलच्या हॉटस्पॉटवर चालले होते. तिचा पेपर असला की मी माझे सर्व बंद ठेवत असे. त्या काळात मी घरभर फिरून ठरवले की राऊटर कुठे असावा. तंत्रज्ञ स्वाभाविकपणे दाराजवळ, जिथे वायर कमी लागेल तिथे, डबी बसवू पाहतो. आपली जागा आधी ठरलेली नसेल तर तीच कायमची होते. आम्ही घराच्या मध्यावरची, उंचावरची आणि उघडी जागा निवडली व तिथे प्लगची सोयही आधीच करून घेतली. ५ गिगाहर्ट्झचा वायफाय वेगवान असतो, पण काँक्रीटच्या भिंतीपलीकडे लवकर क्षीण होतो, २.४ गिगाहर्ट्झ दूर पोहोचतो, मात्र त्यावर शेजारपाजारच्या राऊटरांची गर्दी असते. मुलीच्या टेबलापर्यंत मी सरळ लॅनची वायर टाकली, आणि आजही सर्वांत भरवशाची जोडणी तीच आहे.

* * *

लॅनच्या वायरीचा विषय निघाला म्हणून. वेगाची चाचणी घेताना आकडा ९४ मेगाबिटच्या आसपासच अडकत असेल, आणि योजना त्याहून मोठी असेल, तर दोष बहुधा फायबरचा नसतो. गिगाबिट जोडणीला लॅन वायरीतल्या चारही जोड्या लागतात. एखादी तुटली किंवा टोकाला नीट बसली नाही की उपकरणे १०० मेगाबिटवर उतरतात. वायर बदलताच आमचा वेग योजनेइतका झाला. चाचणी नेहमी वायरीवर घ्यावी, वायफायवर नव्हे. आणि डाऊनलोडच्या खिडकीत दिसणारा आकडा मेगाबाइटमध्ये असेल तर तो आठने गुणून मगच योजनेशी ताडावा.

* * *

दिव्यांविषयी कोणी लिहिले नाही. आमच्याकडे सर्व जोडून झाले, एलओएसचा लाल दिवा विझला, म्हणजे प्रकाश येत होता, पण पॉनचा हिरवा दिवा स्थिर होईना. लुकलुकणारा पॉन म्हणजे ओएनटी केंद्राला आपली ओळख पटवू पाहते आहे. डबीचा अनुक्रमांक केंद्रात नोंदवताना एक अक्षर चुकले होते. तंत्रज्ञ निघून गेला असता तर पुन्हा तक्रार आणि पुन्हा प्रतीक्षा. म्हणून दिवा स्थिर होऊन एखादे पान उघडेपर्यंत त्याला चहापाणी विचारत थांबवून घ्यावे. जोडणी पीपीपीओईवर, म्हणजे नाव आणि पासवर्ड देऊन सुरू होणाऱ्या पद्धतीवर, असल्यास वापरकर्त्याचे नाव आणि पासवर्डही त्याच वेळी लिहून घ्यावा.

* * *

घरातला कॅमेरा बाहेरून दिसत नाही, ही माझी अडचण होती. राऊटरला मिळालेला आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेटवरचा त्याचा क्रमांक, १००.६४ ने सुरू होत होता. १००.६४ ते १००.१२७ हा पत्त्यांचा पट्टा २०१२ पासून अशा सामायिक वापरासाठी राखलेला आहे. त्यात अनेक ग्राहक एकाच सार्वजनिक पत्त्यामागे असतात, आणि आपण राऊटरवर पोर्ट, म्हणजे बाहेरच्या विनंतीसाठीच्या वाटा, कितीही उघडले तरी बाहेरची विनंती आत येत नाही. स्वतंत्र सार्वजनिक पत्ता मागावा लागला. ज्यांना घरून सर्व्हर किंवा कॅमेरा चालवायचा आहे, त्यांनी अर्ज करतानाच हे विचारावे.

* * *

सर्व प्रतिसाद वाचले. आम्ही दोन महिन्यांनी घर बदलणार आहोत. ओएनटी काढून सोबत न्यावी का? आणि निळ्या टोकाची एक फायबरची वायर घरात पडून आहे, ती हिरव्या टोकाच्या जोडणीत चालेल का?

* * *

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देते: ती वायर वापरू नका. हिरव्या टोकाची काच ८ अंशांनी तिरकी घासलेली असते आणि निळ्याची सरळ, त्यामुळे दोन्ही एकमेकांना नीट टेकत नाहीत, प्रकाश वाया जातो आणि टोकांना इजाही होऊ शकते. ओएनटी सेवादात्याची आहे की आपली, हे कागदपत्रांत पाहा. तिचा अनुक्रमांक सध्याच्या जोडणीशी बांधलेला असल्याने ती नव्या घरात नुसती लावून चालणार नाही, स्थलांतराची नोंद करून घ्यावी लागेल. काढताना तंतूच्या टोकावर आणि डबीच्या तोंडावर टोपी बसवा. भिंतीवरचा तंतू मात्र तसाच राहू द्या, नव्या भाडेकरूंना लगेच जोडणी मिळेल. आणि नव्या घराचा अर्ज आजच करा. त्या इमारतीच्या पेटीत मोकळी शाखा आहे का, हे पहिल्याच फोनमध्ये विचारा.