‘प्रस्फुरण’, ‘कटती’ आणि केळीच्या ओळी: स्फटिकाच्या दिशेला मराठीत काय म्हणावं?

धुळेकरीण:
साक्रीकडच्या एका शाळेत नववी-दहावीच्या पोरांसमोर कृष्णद्रव्याच्या, म्हणजे विश्वातल्या न दिसणाऱ्या द्रव्याच्या, शोधावर बोलायचं आहे. पोरं घरी अहिराणी बोलतात. पुस्तकी शब्द फेकले की मागच्या बाकावर खुसखुस सुरू होते, म्हणून आधी इथे विचारते. सोडियम आयोडाइडच्या स्फटिकात थॅलियमचा अंश घालतात. कण आदळला की आत निळसर उजेडाचा ठिपका उमटतो, ते सिंटिलेशन. अणुकेंद्राला धक्का बसला तर उजेड कमी पडतो, ते क्वेंचिंग. आणि धक्का बसलेला कण जालकाच्या, म्हणजे स्फटिकातल्या अणूंच्या नेटक्या मांडणीच्या, ओळीतून सरळ निघाला तर उजेड पुन्हा वाढतो, ते चॅनेलिंग. या तिघांना काय म्हणू?

रावेरकर:
ताई, पहिल्यासाठी छापील शब्द ‘प्रस्फुरण’. व्युत्पत्तीने चांगला आहे. स्फुर् म्हणजे थरथरणं, चमकणं. लॅटिनमधल्या सिंटिलाचा अर्थ ठिणगी, म्हणजे आपला स्फुल्लिंग. पण मराठीत स्फुरण ‘चढतं’, आणि ते पोवाडा ऐकून. पोरांना तेच आठवणार. ‘चमक’ म्हणाल तर ती आपल्याकडे पाठीत भरते. ‘लुकलुकणं’ही नको, कारण ताऱ्यांच्या लुकलुकण्यालाही इंग्रजीत हाच शब्द आहे आणि तो प्रकार वेगळा, तिथे हवा हलते. इथला उजेड जागच्या जागी जन्मतो आणि सुमारे २३० नॅनोसेकंदात बराचसा ओसरतो. मी ‘ठिणगी’ म्हणेन. ठिणगी गरम असते, ही नसते, एवढं एकदा सांगून टाका.

कटतीवाला:
क्वेंचिंगला ‘शमन’ लिहितात. मला पटत नाही. आग शमते, तहान शमते, म्हणजे आधी असलेलं विझतं. इथे तो उजेड पेटलेलाच नसतो. लोहारही तापलेलं लोखंड पाण्यात बुडवतो, त्यालाही इंग्रजीत क्वेंचिंगच म्हणतात, पण आपण त्याला पाणी पाजणं म्हणतो. ते इथे चालायचं नाही.

माझा शब्द नावावरून ओळखलाच असेल. मागच्या हंगामात माझी केळी काट्यावर चढली आणि व्यापाऱ्याने दांड्याची म्हणून अशी कटती लावली की घरी येऊन मी दोनदा हिशेब केला. माल तेवढाच गेला, पैसे कमी आले. सोडियमच्या केंद्राचं अगदी तेच होतं. धक्क्याची ऊर्जा पूर्ण मिळते, पण बहुतेक शेजारच्या अणूंना ढकलण्यात जाते. उजेडाच्या पावतीवर थोडीच चढते. इटलीतल्या ग्रान सासो डोंगराखाली याच स्फटिकांनी कृष्णद्रव्य शोधायचा डामा नावाचा प्रयोग झाला. त्या गटाने सोडियमसाठी ०.३ आणि आयोडीनसाठी ०.०९ हा आकडा धरला. म्हणजे आयोडीनला १०० चा धक्का बसला तर इलेक्ट्रॉनच्या मापाने पावती ९ ची. आमच्या व्यापाऱ्याने एवढी कटती कधी लावली नाही, हे कबूल करतो.

धुळेकरीण:
कटती चालेल, दादा! साक्रीच्या बाजारातही हाच शब्द आहे. पण तुम्ही सांगताय तो आकडा कटती नाही, कटती वजा जाऊन उरलेला वाटा आहे. मग त्याला ‘हाती आलेलं’ म्हणू?

कटतीवाला:
हो, बरोबर. ‘हाती आलेलं’च. माझी चूक.

रावेरकर:
आता चॅनेलिंग. यासाठी कोश बंद करा आणि बागेत या. आमच्याकडे केळी पाच बाय पाच फुटांवर लावलेली असते. बांधावर दोन ओळींच्या मधोमध उभं राहिलं की पार पलीकडच्या बांधावरचा माणूस दिसतो. मान जराशी तिरपी केली की समोर खोडांची भिंत. अजून वळलं, चौकोनाच्या कर्णावर आलं, की पुन्हा वाट उघडते, पण अरुंद. झाडं तीच, अंतर तेच, फक्त तोंड कुठे केलं यावर सगळं. जालकाची दिशा म्हणजे एवढंच. ‘जालक’ ऐकून पोरांना मासे धरायचं जाळं आठवेल. ‘बाग’ म्हटलं की काम झालं.

आता या दोन ओळींमधल्या पट्ट्यातून कुणी धावत गेलं तर खोडाला धडकत नाही, नुसती पानं अंगाला घासतात. पानं म्हणजे इलेक्ट्रॉन. ठिणगी पडते ती पानं घासल्याने. खोडाला धडकलं तर खोड हलतं, उजेड मात्र नावाचाच. म्हणून सरळ ओळीत घुसलेल्या कणाला कटती जवळपास लागतच नाही. मी याला ‘ओळीत घुसणं’ म्हणेन. ‘प्रणालन’ असा शब्द एकदा कानावर आला होता. गटाराचं टेंडर निघाल्यासारखा वाटतो.

धुळेकरीण:
सुरेख! मग डामाला ठिणग्यांच्या संख्येत वर्षभर चढउतार दिसला, जो ते कृष्णद्रव्याचा मानतात, तो यामुळेच ना?

रावेरकर:
तसं म्हणू नका. डामाच्या गटाने २००८ साली या परिणामाचा हिशेब मांडला, कारण कटती वाचली तर हलक्या कणांचा धक्काही पावतीवर दिसू शकतो. पण २०१० मध्ये बोझोर्गनिया, जेल्मिनी आणि गोंडोलो यांनी खोट दाखवली. मी वर सांगितलेला माणूस बांधावरून, मोकळ्या पट्ट्यातून आत शिरला. कृष्णद्रव्याचा कण ज्याला धक्का देतो तो बाहेरून येत नाही. तो बागेतलंच एक झाड असतो! झाडाने आपल्या आळ्यातून धाव घ्यायची म्हटली तर त्याच ओळीतलं पुढचं खोड थेट नाकासमोर. ओळ जितकी सरळ तितकी धडक पक्की. थोडी सूट मिळते ती वाऱ्यामुळे. झाडं डोलतात तसे अणूही तापमानाने हलतात, त्यामुळे एखादं झाड क्षणभर रांगेबाहेर असतं आणि तेव्हाच सुटलं तर निसटतं. असं निसटणाऱ्यांचं प्रमाण त्यांच्या गणितात फार थोडं निघालं.

आणि चढउताराचं म्हणाल तर कोरियातला कोसाइन-१०० आणि स्पेनमधला अनाईस-११२ या प्रयोगांनीही सोडियम आयोडाइडच वापरलं. त्यांना तो दिसला नाही.

तापीकाठ:
एक भर. ‘ओळीत घुसणं’ आणि ‘दिशेप्रमाणे उजेड बदलणं’ हे दोन वेगळे प्रकार आहेत, एका शब्दात कोंबू नका. झिंक टंगस्टेटच्या स्फटिकात अल्फा कण कोणत्या अक्षाने शिरला यावर उजेड कमी-जास्त होतो. इलेक्ट्रॉन किंवा गॅमा किरण मात्र कुठूनही येवोत, उजेड सारखाच. अँथ्रासीनसारख्या सेंद्रिय स्फटिकातही जड कणांबाबत असा फरक दिसतो. याचा उपयोग असा की आपला सूर्य साधारण हंस तारकासमूहाच्या रोखाने चालला आहे, म्हणून कृष्णद्रव्याचा वारा तिकडून येतो असं मानतात. पृथ्वी फिरते तसा प्रयोगशाळेतला स्फटिक त्या वाऱ्याकडे दिवसभर वेगवेगळी कूस करतो. म्हणजे उजेडही दिवसाच्या ठोक्याने बदलायला हवा. याला माझा शब्द ‘कूसफरक’.

कटतीवाला:
कूसफरक! लाकूड उभं फाडलं तर एका घावात दोन ढलप्या, आडवं तोडलं तर कुऱ्हाड अडकते. तेच की.

तापीकाठ:
हो. फक्त लाकडात फरक कुऱ्हाडीला जाणवतो, इथे उजेडाला.

धुळेकरीण:
ठरलं तर. ठिणगी, कटती, हाती आलेलं, ओळीत घुसणं, कूसफरक. एक राहिलं. पुढचं खोड वाट धरून उभं असतं, त्याला ‘अडथळा’ म्हणू की ‘अडसर’?

रावेरकर:
अडसर दाराला, ताई, तो माणूस मुद्दाम लावतो. खोड काही मुद्दाम उभं नाही. पोरांना ‘आडवं येणं’ म्हणा, मांजरासारखं.