शब्दचर्चा: टॅगने ओ दिली नाही म्हणून रीळ 'गहाळ' कसं?

हिंगणा:
इथं एमआयडीसीत आमचं इलेक्ट्रॉनिक कार्डं बनवायचं युनिट आहे, मी स्टोअर सांभाळतो. रेझिस्टर, कपॅसिटर, आयसी असे कार्डावर लावायचे बारीक भाग सगळे सात नि तेरा इंची रिळांवर येतात, आधी एकेक बारकोड मारत बसायचो, आता रिळारिळाला आरएफआयडी टॅग लावून राहिलो. फास्टॅगसारखाच बिनबॅटरीचा, रीडरच्या लहरीवरच जागा होतो नि आपला नंबर परत पाठवतो, हाताचा रीडर रॅकसमोरून फिरवला की झालं. पोरांना वाचता यावा म्हणून रिपोर्ट मराठीत काढतो आणि ज्याचा नंबर आला नाही त्यापुढं 'गहाळ' छापून येतं. मागच्या महिन्यात आयसीची अकरा रिळं गहाळ आली, रात्रपाळीच्या पोराला सुपरवायझरनं सगळ्यांसमोर विचारलं, कुठं टाकली बे? पोरगा खाली मान घालून उभा. दुपारी मी स्वतः रॅक उपसला तर अकराच्या अकरा तिथंच! लाइनवरून परत आलेली रिळं त्यानं नियमाप्रमाणं चंदेरी पिशवीत सील केली होती, टॅग आत रिळावर, पिशवीला धातूचा थर, लहर आत जाणार कुठून? त्याचं काहीच चुकलं नव्हतं. मला सांगा, अशा मालाला मराठीत काय म्हणायचं?

धरमपेठ:
दादा, 'गहाळ' आधी काढा. गहाळपणा म्हणजे निष्काळजीपणा, गहाळ माणूस म्हणजे बेफिकीर. वस्तू सापडत नाही एवढंच हा शब्द सांगत नाही, कोणाचा तरी हलगर्जीपणा सोबत घेऊन येतो, म्हणूनच तर सुपरवायझरनं आधी माणूस शोधला. मोजदाद हाताने होते, नग उचलून. तुमचा रीडर घेतो ती हजेरी, नाव पुकारलं, ओ आली तर टिक. मी तीस वर्षं वर्गात हजेरी घेतली, मागच्या बाकावरचं पोरगं ओ देत नाही पण असतं तिथंच. 'गैरहजर'सुद्धा नको, त्यात नव्हता असा निकाल आला. 'हजेरी लागली नाही' म्हणा, घडलं तेवढंच. टॅगला बिल्ला म्हणाल तर फार छान, शिपायाच्या पट्ट्यावरचा असतो तसा.

बुटीबोरी:
ताई, हजेरी पटली, पण लाइनवर तेवढ्यानं भागत नाही. काही आयसींना दमट हवा चालत नाही, दमटपणा किती सोसते त्याच्या लेव्हल ठरल्या आहेत, लेव्हल तीनच्या मालाची पिशवी फोडली की ३० अंश नि ६० टक्के आर्द्रतेपर्यंत १६८ तास मिळतात, त्याच्या आत कार्डावर लावून झाला नाही तर बेक करावा लागते, म्हणजे तापवून सुकवावा लागते. टॅगवरूनच हे तास मोजून राहिलो आम्ही. म्हणजे हजेरी लागली नाही हे वाचून कोणी तसंच सोडून दिलं तर घोटाळा, पुढचं काम शब्दात पाहिजे. आम्ही 'शोध बाकी' लिहितो. आणि भाऊ, टॅग पिशवीच्या बाहेरही लावा, लोखंडी रॅकला चिकटला तरी तो मुका होते, धातूवर चालणारे जाड टॅग वेगळे मिळतात. बिल्ला मात्र आमच्याकडे कोणी म्हणणार नाही, सगळे चिपच म्हणतात, खरं तर टॅग म्हणजे चिप अधिक अँटेना.

हिंगणा:
ताई, गहाळपणाचं माझ्या ध्यानातच आलं नव्हतं, रोज छापत होतो तो शब्द. आता रकाना 'हजेरी नाही, शोध बाकी' असा केला, आणि 'गहाळ' कॉम्प्युटरला लिहूच द्यायचं नाही, कोणीतरी हाताने रॅक उपसून, पिशव्या पाहून, मग सही करून लिहील. टॅग टॅगच ठेवतो, तोंडात बसला आहे. त्या पोराला सुपरवायझरसमोरच नवा रिपोर्ट दाखवला, तिथंच सांगितलं की रिळं तुझ्याकडून कुठंच गेली नव्हती. आता दुसरा टॅग त्या पिशवीवर बाहेरून लावतो, तिला तुमच्याकडे काय म्हणतात बुटीबोरीवाले? आमच्याकडे नुसतं चंदेरी पिशवी, पण अँटिस्टॅटिकवाली, म्हणजे स्थिर वीज साचू न देणारी, गुलाबी वेगळी नि ही वेगळी, नवीन पोरं गल्लत करतात.