वेंधळेपणा नाही, आकडे वाचा

विनोदी प्रेमकथांबद्दल ‘पन्नास पानांनंतर नायिकेचा वेंधळेपणा डोक्यात जातो’ असं एक मत ऐकलं, ते अर्धंच पटलं. वेंधळेपणा नुसता घडत राहिला तर कंटाळा येतोच, पण ‘ब्रिजेट जोन्सेस डायरी’ (1996) या डायरीच्या रूपातल्या इंग्रजी कादंबरीत गंमत आकड्यांत आहे, आणि आपण ते गाळून पुढे जातो. रोजच्या नोंदीआधी वजन, सिगारेटी, दारूची युनिटं. पहिल्याच नोंदीतलं 9 स्टोन 3 पौंड किलोत करून बघा. 1 स्टोन म्हणजे 14 पौंड, म्हणजे जेमतेम साडेअठ्ठावन्न किलो! स्वतःला जाड समजणारी ही बाई जाड नाहीच, आणि विनोद तिथेच आहे. ब्रिटनमधलं दारूचं 1 युनिट म्हणजे 10 मिली शुद्ध अल्कोहोल. हे माहीत नसेल तर त्याच नोंदीतला दारूच्या 14 युनिटांचा आकडा नुसताच डोळ्यांखालून जातो.

दुसरं म्हणजे अशा प्रेमकथांचा मराठी अनुवाद. इंग्रजीत सगळा मामला ‘यू’वर भागतो, मराठीत ‘तुम्ही’वरून ‘तू’वर कधी यायचं हे अनुवादकाला ठरवावं लागतं. नायक पहिल्याच भेटीत ‘तू’ म्हणाला तर पुढचं सगळं अवघडलेपण फुकट. चुंबनानंतरही ‘तुम्ही’च राहिलं तर प्रकरण थेट नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या कांदेपोह्यांच्या कार्यक्रमासारखं वाटतं. सावानातून (नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयातून) असा अनुवाद आणलात तर घरी नेण्याआधी दोघांच्या भांडणाचं एखादं पान चाळा. भांडताना ‘तुम्ही’चा ‘तू’ होत असेल तर अनुवादकाला कान आहे.