प्रात्यक्षिकाचे गुण बंद करा म्हणणाऱ्यांना

कानस_व्हाइस (चिपळूण)
परवा 'लोटे_बी_शिफ्ट' यांनी इथे लिहिलं की आयटीआयच्या प्रात्यक्षिकाचे गुण प्रसादासारखे वाटले जातात, म्हणून प्रात्यक्षिक बंद करा आणि सगळी परीक्षा कॉम्प्युटरवर घ्या, कॉम्प्युटर कोणाच्या ओळखीचा नसतो. दोन दिवस गप्प बसलो. बावीस वर्षं फिटर ट्रेडला शिकवतोय, आता राहवत नाही.

व्हर्नियरचं, म्हणजे जबड्यात धरून बारीक माप घ्यायच्या पट्टीचं, लघुतम माप किती? चार पर्याय, त्यातलं ०.०२ मिमी निवडायचं. हे बरोबर देणारी पोरं माझ्याकडे ढीगभर आहेत. त्यातल्या कित्येकांच्या हातात व्हर्नियर दिला की जबडे असे आवळतात की मापच बदलतं. कानस पुढे जाताना दाब आणि मागे येताना हात सैल, पाय कुठे, कोपर कुठे, हे कॉम्प्युटरला कसं दिसणार? नर-मादी फिटिंगचा जॉब, म्हणजे पोराने घासून एकमेकांत बसवलेले दोन तुकडे, दिव्यासमोर धरला की फटीतून उजेड येतो का ते दिसतं. तुकडा उलटा फिरवून बसवला की पोराने मार्किंग केलं होतं की नंतर घासून जमवलं, तेही कळतं.

मी तर म्हणतो, एका दिवसाचं प्रात्यक्षिकही पुरत नाही. मी वर्गात ड्रिल मशीन मुद्दाम बिघडवून ठेवतो. दोष कुठे ते पोरगं कसं शोधतं, आधी कशाला हात लावतं, ते बघतो. वर्षभर बघतो. गुण त्यावर द्यायला हवेत.

लोटे_बी_शिफ्ट
सर, तुम्ही वर्षभर बघता, तुमचं कौतुक. पण तुमच्यासारखे किती?

मी लोट्याच्या कारखान्यात सुपरवायझर. माझ्याकडे प्रात्यक्षिकात नव्वदच्या वर गुण घेतलेला मुलगा आला. कॉस्टिकच्या, म्हणजे कातडी भाजणाऱ्या रसायनाच्या, पाइपलाईनची फ्लॅंज (दोन पाइप बोल्टने जोडलेला सांधा) उघडायला सांगितली. लाईन ड्रेन करून रिकामी केलेली होती, तरी थोडं राहतंच. त्याने आपल्या बाजूचे बोल्ट आधी सोडले. पलीकडचे आधी सैल करायचे, म्हणजे उडालं तर पलीकडे उडेल, हे त्याला कोणी शिकवलंच नव्हतं. कोपरापर्यंत हात भाजला. त्याला दवाखान्यात मी नेलं आणि त्याच्या आईला फोनही मीच केला.

ते नव्वद कोणी दिले? बाहेरचे परीक्षक दुपारी येतात, जेवण होतं, टेबलावर जॉब मांडलेले असतात. मागच्या बॅचचे असले तरी कळणार नाही, जॉबवर रोल नंबर ठोकून उमटवलेला, म्हणजे पंचिंगसुद्धा, नसतं. माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. कॉम्प्युटर निदान जेवायला बसत नाही.

कानस_व्हाइस
पंचिंग नसलेले जॉब मीही पाहिलेत. एकदा सही करा म्हणून माझ्यावर दबाव आला आणि मी केली. ते बरोबर नव्हतं. पण तुमच्या त्या मुलाला फ्लॅंजवर चार पर्यायांचा प्रश्न आला असता आणि त्याने बरोबर उत्तर दिलं असतं, तर हात वाचला असता का? परीक्षक खोटा असेल तर परीक्षक बदला, परीक्षा कशाला बदलता?

मालवणचो_तांडेल
माका एक सांगा, होडी दर्यात बंद पडली तर मोबाईलवर पर्याय निवडूचो काय?

पुढचा प्रमाण मराठीत लिहितो, नायतर घाटावरचे म्हणतील समजला नाय. ३१ जुलैला बंदी संपली की सगळ्यांना एकाच वेळी इंजिन चालू हवं असतं. यंदा आमचं इंजिन तापायला लागलं. सर्टिफिकेटवाला मेकॅनिक आला, थर्मोस्टॅट काढून बसला. माझा काका चौथी शिकलेला. त्याने इंजिन थंड करून बाहेर पडणाऱ्या पाण्याखाली हात धरला, म्हणाला पाणी कमी येतंय. खाली जाऊन समुद्राच्या पाण्याचं तोंड बघितलं तर प्लास्टिकची पिशवी अडकलेली, आणि पंपाच्या इंपेलरची, म्हणजे पाणी ढकलणाऱ्या चक्राची, दोन पाती तुटलेली. अर्ध्या तासात काम झालं. अनुभवाला सर्टिफिकेट देतो म्हणून आमच्याकडे एकदा वर्ग झाला होता. त्यात मोबाईलवर प्रश्न विचारले, फोटो काढले. इंजिन कोणी चालू केलंच नाही. काका नापास.

लोटे_बी_शिफ्ट
तुमच्या काकांना मान आहे. पण उद्या इलेक्ट्रॉनिक कंट्रोलवालं इंजिन आलं, सेन्सरने एरर कोड दाखवला, तर हात धरून कळेल? थिअरी त्यासाठीच लागते.

मालवणचो_तांडेल
तेव्हा शिकेल तो. वाचता येत नाही म्हणून अडाणी समजू नका.

लोटे_बी_शिफ्ट
अडाणी मी म्हटलेलं नाही. शब्द माझ्या तोंडात घालू नका.

मेगरवाली (रत्नागिरी)
मी या वादात लोट्याच्या दादांच्या बाजूने आहे, आणि कारण वेगळं आहे.

इलेक्ट्रिशियन ट्रेड केला. मग एका बर्फ कारखान्यात शिकाऊ उमेदवारी. माझ्या लॉगबुकात, म्हणजे केलेल्या कामांच्या नोंदवहीत, आहे: मोटर ओव्हरहॉल, स्टार-डेल्टा स्टार्टरची जोडणी, पॅनेलची देखभाल. सगळ्यावर सही-शिक्का. यातल्या एकाही कामाला मला हात लावू दिला नाही. 'पोरीला शॉक लागला तर आम्ही काय उत्तर देणार.' मी वर्षभर स्टोअरचं रजिस्टर लिहिलं. माझ्यासोबतच्या मुलाचं लॉगबुक शब्दशः सारखं होतं, त्याने मात्र तिन्ही कामं केली. दोघांना 'समाधानकारक'.

कॉम्प्युटरच्या पेपरला मी मुलगी आहे हे माहीत नव्हतं. तिथे मला माझे गुण मिळाले. सर, तुमच्यासारखा वर्षभर बघणारा माणूसच जर बघायला तयार नसेल तर?

लोटे_बी_शिफ्ट
ताई, तुमचं पटतं, पण सुपरवायझरचीही अडचण असते. रात्रपाळी, ॲसिडचा एरिया. अपघात झाला की चौकशी आमच्यामागे लागते.

मेगरवाली
चौकशी मुलाच्या अपघाताचीही झाली असेल ना? मग मुलांना फ्लॅंज देणं बंद केलंत का?

१९६१चा कायदा शिकाऊ उमेदवाराला कामगार म्हणत नाही, प्रशिक्षणार्थी म्हणतो. म्हणून पगार नाही, विद्यावेतन. ठीक. मग शिकवणं ही तुमची मेहेरबानी कशी झाली? न केलेल्या कामाखाली सही करताना अडचण वाटली नाही?

कानस_व्हाइस
विषय भरकटतोय. प्रश्न परीक्षेचा होता.

मेगरवाली
सर, हाच विषय आहे. ज्याला हात लावू दिला नाही त्याची परीक्षा कशाची घेणार? तुमच्या वर्गात मुली किती आणि त्या बिघडवलेल्या ड्रिल मशीनपाशी किती येतात, एकदा मोजा.

कानस_व्हाइस
यंदा दोन आहेत. एक येते. दुसरी मागे उभी असते. मी तिला पुढे बोलावलेलं नाही, हे खरं.

मेगरवाली
मग मी पास कधी झाले ते सांगते. दुसऱ्या नोकरीत, मासळीच्या शीतगृहात. जुलै महिना, पाऊस चार दिवस थांबलेला नव्हता. बंद पडून असलेल्या पंपाची मोटर चालू करायची होती. फोरमनकाकांनी ५०० व्होल्टचा मेगर, म्हणजे वाइंडिंगचं इन्सुलेशन मोजायचं यंत्र, माझ्या हातात दिला. रीडिंग एक मेगओहमच्याही खाली, वाइंडिंगने ओल धरलेली. मी मोटर उघडून दोन मोठे बल्ब लावून ठेवले. संध्याकाळी पुन्हा मोजलं, अजून पुरेसं चढलेलं नव्हतं. काकांनी विचारलं, 'करतेस चालू?' मालक मागे उभा, माल यायचा होता. मी नाही म्हटलं. काका काही बोलले नाहीत, निघून गेले. सकाळी रीडिंग चढलं होतं, तेव्हा मीच चालू केली.

त्यानंतर त्यांनी मला पॅनेलची किल्ली दिली. कागदावर काहीच नाही.

मालवणचो_तांडेल
ह्या खरा. काकाक वाचून दाखवतंय.

लोटे_बी_शिफ्ट
पेपर राहिला पाहिजे हे माझं म्हणणं कायम आहे, आणि ताईंनी त्यालाच बळ दिलं. बाकीचं बोलायचं तर आमच्याकडे एक मुलगी शिकाऊ आहे. सध्या स्टोअरमध्ये आहे. सोमवारी तिला पॅनेलवर घेतो.

मेगरवाली
परमिटवर, म्हणजे कामाच्या परवानगीच्या कागदावर, तिचं नाव घाला. आणि लॉगबुकात काय लिहिलं ते सोमवारी रात्री इथे टाका.