सिग्नलवर थरथरणारी गाडी

बी-३०४ : सोसायटीच्या ग्रुपवरील सर्वांना नमस्कार. आमची चार सिलिंडरची गाडी पेट्रोल आणि सीएनजी अशा दोन्हींवर चालते. गेल्या काही आठवड्यांपासून वडोदऱ्यातील तुलसीधाम चार रस्त्याच्या सिग्नलला उभी राहिली की स्टिअरिंगपासून सीटपर्यंत सगळी गाडी थरथरते आणि पुढे निघाली की काहीच जाणवत नाही. सकाळी इंजिन थंड असताना हा त्रास कमी असतो, इंजिन तापले की वाढतो. एका गॅरेजमध्ये चारही कॉइल (प्लगला ठिणगीसाठी वीज देणारे भाग) आणि इंजेक्टर (इंधन फवारणारे भाग) बदलावे लागतील असे सांगितले आहे. एवढा खर्च करण्यापूर्वी सी-१०२ मधील काकांनी कृपया मार्गदर्शन करावे.

सी-१०२ : ताई, नमस्कार. कोणताही भाग बदलण्यापूर्वी इंजिन स्वतःच असमान चालत आहे, की ते नीट चालत असून त्याचा नेहमीचा कंप गाडीच्या सांगाड्यात शिरत आहे, हे ठरवावे. गाडी न्यूट्रलमध्ये चालू ठेवून आरपीएमच्या काट्याकडे पाहा. काटा स्थिर असेल आणि सायलेन्सरचा आवाज एकसारखा येत असेल, तर इंजिन माउंटिंगचे, म्हणजे इंजिन ज्यावर टेकते त्या आधाराचे, रबर दबून बसले असण्याची शक्यता अधिक. काटा थरथरत असेल आणि सायलेन्सरमधून मध्येच एक ठोका चुकल्यासारखा ‘फट्‌’ असा आवाज येत असेल, तर एखादा सिलिंडर मिसिंग करत आहे, म्हणजे त्यात इंधन दर वेळी नीट पेटत नाही. त्यानंतर हीच परीक्षा एकदा पेट्रोलवर आणि एकदा सीएनजीवर करा. फक्त सीएनजीवर थरथर असेल तर गॅसचा दाब कमी करणारा रिड्यूसर, फिल्टर किंवा गॅसचे इंजेक्टर यांकडे पाहावे लागेल, आणि ते काम प्रशिक्षित माणसाकडूनच करून घ्यावे, कारण टाकीत सुमारे २०० बार दाब असतो. दोन्ही इंधनांवर सारखीच थरथर असेल तर दोष दोन्हींना सामाईक असलेल्या भागांत, म्हणजे प्लग, कॉइल, हवेची गळती, थ्रॉटल बॉडी (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारा भाग) किंवा व्हॉल्व्ह (सिलिंडरच्या झडपा) यांत आहे. तसे असेल तर दोन्ही प्रकारचे इंजेक्टर एकाच वेळी खराब झाले असे मानायला मला तरी आधार दिसत नाही.

ए-५०१ : काका, आमची तीन सिलिंडरची गाडीही उभी असताना थोडी थरथरते, विशेषतः एसी लावल्यावर. तीही दाखवावी का?

सी-१०२ : तीन सिलिंडरच्या इंजिनात थोडा कंप स्वाभाविकच असतो आणि एसीचा भार आला की तो वाढतो. तो पहिल्या दिवसापासून तेवढाच असेल तर काळजी नको. अलीकडे वाढला असेल तर मात्र माउंटिंग तपासून घ्या.

बी-३०४ : काका, काटा थरथरतो आहे आणि थरथर दोन्ही इंधनांवर सारखीच आहे. आमच्या ओळखीच्या मिस्त्रींनी बिघाडाचे कोड वाचणारा स्कॅनर लावला, तेव्हा पी०३०२ हा कोड आला. हवेची नळी कुठे फुटलेली दिसली नाही आणि थ्रॉटल बॉडीही स्वच्छ आहे.

सी-१०२ : हा कोड दुसऱ्या सिलिंडरमध्ये मिसिंग होत आहे एवढेच सांगतो, कारण सांगत नाही. इंजिन बंद करून दुसऱ्या सिलिंडरची कॉइल तिसऱ्यावर आणि तिसऱ्याची दुसऱ्यावर लावायला सांगा. जुना कोड पुसून गाडी पुन्हा चालवल्यावर पी०३०३ आला तर दोष कॉइलमध्येच आहे आणि तेवढी एकच बदलावी. पी०३०२ कायम राहिला तर प्लगची अशीच अदलाबदल करावी. कनेक्टर उघडले असताना आतल्या पिनांवर हिरवा गंज आहे का तेही पाहावे, कारण ऑगस्ट २०२४ च्या विश्वामित्री नदीच्या पुरात ज्या गाड्या पाण्यात उभ्या होत्या त्यांच्यात असे दोष उशिरानेही दिसू शकतात. वायरी उंदरांनी कुरतडल्या आहेत का, तेही पाहा. एक विनंती आहे, चालू इंजिनावर कोणीही प्लगच्या तारा ओढू नयेत. त्यांत हजारो व्होल्ट असतात, आणि न जळलेले इंधन धूर शुद्ध करणाऱ्या गरम कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तोही खराब होतो. चेक इंजिनचा दिवा लुकलुकत असेल तर त्याच कारणासाठी गाडी दामटू नये.

बी-३०४ : कॉइल आणि प्लग दोन्हींची अदलाबदल करून पाहिली, तरी पी०३०२ कायम आहे. कनेक्टर स्वच्छ आहेत, वायरीही शाबूत आहेत. मिस्त्रींनी मग कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये दाबल्या जाणाऱ्या हवेचा दाब, मोजले. इतर तीन सिलिंडरांत ते १७० पीएसआयच्या आसपास आहे आणि दुसऱ्यात ११५ आहे. त्यात थोडे ऑइल टाकून पुन्हा मोजले तरी आकडा फारसा वाढला नाही.

सी-१०२ : मिस्त्रींनी फार व्यवस्थित काम केले आहे. पिस्टनच्या रिंगा झिजल्या असत्या तर ऑइलने फट तात्पुरती बुजून आकडा चांगलाच वाढला असता. तो वाढला नाही, म्हणजे गळती बहुधा व्हॉल्व्हमधून आहे. ताई, तुमची गाडी बहुतेक वेळ सीएनजीवर धावते. पेट्रोलच्या तुलनेत हा वायू कोरडा असल्यामुळे जळालेला वायू बाहेर सोडणाऱ्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हची सीट, म्हणजे तो बंद होताना टेकतो ती कडा, हळूहळू झिजते, व्हॉल्व्ह वर सरकतो आणि टॅपेटची, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणाऱ्या भागामधली, फट कमी होत जाते. इंजिन तापल्यावर व्हॉल्व्हची दांडी लांबते, उरलीसुरली फट संपते आणि व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नाही. गाडी तापल्यावर त्रास का वाढतो, याचे उत्तर मला यातच दिसते. वेगात असताना वायू निसटायला वेळ कमी मिळतो आणि इंजिनाची गती एखादा कमजोर ठोका झाकून टाकते. उभ्या गाडीत मात्र, ८०० आरपीएमवर प्रत्येक सिलिंडर मिनिटाला ४०० वेळा पेटत असताना, तोच ठोका अंगाला जाणवतो. इंजिन पूर्ण थंड करून टॅपेटची फट मोजून घ्या आणि कंपनीने दिलेल्या मापाशी ताडून पाहा. हे काम पुढे ढकलू नका. बंद झालेला व्हॉल्व्ह आपली बरीचशी उष्णता सीटमार्फत हेडला (इंजिनाच्या वरच्या भागाला) देत असतो. तो नीट बसलाच नाही तर त्याची कड जळते, आणि मग हेड उतरवण्यावाचून उपाय राहत नाही.

ए-५०१ : काका, टॅपेटचे माप इतक्या सहज बिघडते हे आम्हाला माहीतच नव्हते. सीएनजीच्या गाडीत ते किती अंतरानंतर पाहावे?

सी-१०२ : प्रत्येक इंजिनाचे अंतर वेगळे असते, म्हणून आपल्या गाडीची पुस्तिका पाहावी. काही इंजिनांत ऑइलच्या दाबाने फट आपोआप भरून काढणारे हायड्रॉलिक टॅपेट असतात, तिथे फट हाताने लावावी लागत नाही. सीएनजीवर प्लगची झीजही लवकर होते, कारण वायूचे मिश्रण पेटवायला अधिक व्होल्टेज लागते. म्हणून प्लगची फट आणि बदलण्याची मुदत सीएनजीसाठी दिलेल्या सूचनेप्रमाणेच ठेवावी.

बी-३०४ : काका, दुसऱ्या सिलिंडरच्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हला फट जवळजवळ उरलीच नव्हती. सगळे टॅपेट मापात लावल्यावर त्या सिलिंडरचे कॉम्प्रेशन १६० पर्यंत आले, कोड परत आलेला नाही आणि तापलेली गाडी एसी लावूनही सिग्नलला स्थिर उभी राहते. कॉइल किंवा इंजेक्टर एकही बदलावा लागला नाही. आपले आणि मिस्त्रींचे मनापासून आभार.

सी-१०२ : फार आनंद झाला, ताई. १६० हा आकडा चांगला आहे, परंतु सीट झिजण्याची क्रिया थांबलेली नाही. म्हणून पुढच्या सर्व्हिसच्या वेळी थंड इंजिनावर त्याच व्हॉल्व्हची फट पुन्हा मोजून आजच्या मापाशेजारी लिहून ठेवायला सांगा. ती लवकर कमी झालेली दिसली तर हेडचे काम वेळेवर करून घेता येईल.